अंधारात शूटिंग: थर्मल, इन्फ्रारेड आणि लाल बॅटरी

"रात्री दिसणारी दुर्बीण घ्यायची आहे, कुठली घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी उलट प्रश्न करतो. जनावर शोधायचं आहे, निवांत बघायचं आहे, की त्याचं शूटिंग करायचं आहे? ही तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्ही नीट करणारं एकच यंत्र मला आजवर मिळालेलं नाही. शोधायला थर्मल, म्हणजे उष्णता दाखवणारं यंत्र, बघायला आणि शूटिंगला इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. शिवाय बांधावरून चालायला साधी लाल बॅटरी. कोणतं काम कशाचं हे आधी पक्कं केलं की बरेच पैसे वाचतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जनावराला त्रास होत नाही. डोळ्यांवर पांढरा झोत मारून काढलेला बिबट्याचा व्हिडिओ मला बघवत नाही. त्यात बिबट्या दिसतो, पण तो दिपलेला, बिचकलेला असतो. आपण तिथे होतो हे त्याला कळलंच नाही, अशी क्लिप मिळवायची असेल तर पुढचं वाचा.

शूटिंग म्हणजे इथे कॅमेऱ्याचंच. हे मुद्दाम सांगतो, कारण नाईट व्हिजन म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच वस्तू मुळात बंदुकीवर बसवायच्या असतात, परदेशातल्या शिकाऱ्यांसाठी बनवलेल्या. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. शिवाय तशी दुर्बीण कॅमेऱ्याच्या कामालाही गैरसोयीची. मधोमध नेमाची फुली येते आणि बंदुकीचा धक्का डोळ्याला बसू नये म्हणून ती डोळ्यापासून दूर धरावी लागते. हातात धरायची, एका डोळ्याने बघायची दुर्बीण घ्या. तिला दुकानात मोनोक्युलर म्हणतात.

तीन तंत्रं

पहिलं तंत्र जुनं, लष्करी, हिरव्या चित्राचं. चांदण्यांचा जो काही प्रकाश असेल तो नळीत शिरतो, त्याचे इलेक्ट्रॉन होतात, ते हजारो पटींनी वाढतात आणि फॉस्फरच्या पडद्यावर चित्र उमटतं. पहिल्या पिढीच्या नळ्यांत कडेचं चित्र वाकडं दिसतं आणि गडद अंधारात त्यांना इन्फ्रारेड दिव्याचा आधार लागतोच. पुढच्या पिढ्या अप्रतिम आहेत, पण महाग आहेत आणि जोराचा उजेड पडला तर नळी खराब होऊ शकते. आपल्या कामासाठी हा रस्ता सोडून द्या.

दुसरं डिजिटल. यात कॅमेऱ्यासारखाच सेन्सर असतो, फक्त माणसाला न दिसणारा जवळचा इन्फ्रारेड प्रकाश त्याला दिसतो. दिवा इन्फ्रारेडचा, चित्र काळं-पांढरं, आणि रेकॉर्डिंग थेट कार्डावर. जनावराचे ठिपके, मिशा, कानाची फाटलेली कड, सगळं यात दिसतं. शूटिंगसाठी हेच.

तिसरं थर्मल. त्याला प्रकाश लागतच नाही. प्रत्येक वस्तूतून बाहेर पडणारी उष्णता ते पकडतं, ८ ते १४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) तरंगलांबीची. काळ्याकुट्ट रात्री दीडशे मीटरवरचा ससा कापसाच्या बोंडासारखा पांढरा चमकतो. पण त्याचे डोळे, रंग, ठिपके यातलं काहीच कळत नाही. म्हणून थर्मल शोधायला.

थर्मल काय दाखवतं हे एका पहाटे मला नीट समजलं. जानेवारी होता, चारच्या सुमारास ओढ्याकाठी बसलो होतो. हरभऱ्याच्या कडेला एक ससा बराच वेळ दबून होता. तो उठून टणटण उड्या मारत गेला आणि जिथे बसला होता तिथे मातीवर एक पांढुरका डाग उरला. पावलीएवढा. बघता बघता राखाडी झाला आणि विझला. सशाने जमिनीला दिलेली ऊब होती ती. साध्या डोळ्यांना तिथे नुसता अंधार होता.

थर्मल विकत घेताना

जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, "१८०० मीटरपर्यंत दिसतं". या आकड्यामागचं गणित शाळकरी आहे, ते स्वतः करून बघा. यंत्राच्या माहितीपत्रकात पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये दिलेला असतो, हल्ली बहुतेक १२, आणि भिंगाची फोकल लेंग्थ, म्हणजे भिंग चित्र किती जवळ आणतं ते ठरवणारं माप, मिलिमीटरमध्ये. पहिल्याला दुसऱ्याने भागा आणि दहाने गुणा. १०० मीटरवर एक पिक्सेल किती सेंटिमीटरचा होतो ते मिळेल. ३५ मिमी भिंग असेल तर १२ भागिले ३५ गुणिले १०, म्हणजे सुमारे ३.४ सेंमी. बिबट्या खांद्यापाशी साधारण ६५ सेंमी उंच धरला तर १०० मीटरवर तो १९ पिक्सेल उंच दिसेल. चाल, शेपटी, मान, सगळं ओळखू येईल. ३०० मीटरवर तोच सहा पिक्सेलांचा होतो. तो बिबट्या आहे, वासरू आहे की वस्तीवरचं कुत्रं, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. आणि १८०० मीटरवर एक पिक्सेल ६२ सेंटिमीटरचा, म्हणजे उभा माणूस जेमतेम तीन पिक्सेल. जाहिरातीतलं "दिसतं" म्हणजे हे तीन ठिपके.

काहीतरी आहे हे कळणं, ते कुठल्या जातीचं हे कळणं आणि नेमकं कोण हे कळणं, अशा पायऱ्या १९५८ साली अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या जॉन जॉन्सन यांनी मांडल्या. दुकानदाराला सरळ विचारा: कोल्हा आणि कुत्रा यांच्यातला फरक किती मीटरपर्यंत कळतो? उत्तर देताना तो अडखळला तर वरचं गणित तुमच्याकडे आहेच.

भिंग जितकं मोठं तितकं चित्र जवळ येतं, पण दिसणारा पट्टा अरुंद होतो. ३८४ बाय २८८ पिक्सेलच्या सेन्सरवर ३५ मिमी भिंगातून १०० मीटरवरचा फक्त १३ मीटर रुंदीचा तुकडा दिसतो. १९ मिमीतून २४ मीटर दिसतो. शेतात, ओढ्याकाठी आपण ३० ते १५० मीटरच्या आत बघत असतो, म्हणून मी ३८४ बाय २८८ आणि १९ ते २५ मिमीचं भिंग सुचवतो. २५६ बाय १९२चं यंत्र स्वस्त पडतं आणि घराच्या परसापुरतं ठीक आहे. ६४० बाय ५१२चं सुंदर असतं, पण त्या जादा पैशांत चांगला कॅमेरा येतो.

आणखी दोन आकडे बघा. एक रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नवं होतं. ५० हर्ट्झ घ्या, निदान २५ तरी. निर्यातीच्या निर्बंधांमुळे ९ हर्ट्झची यंत्रंही बाजारात असतात, त्यांत पळणारं जनावर झटके देत सरकतं. दुसरा एनईटीडी, म्हणजे तापमानातला किती बारीक फरक यंत्राला कळतो. तो मिलिकेल्विनमध्ये असतो आणि जितका कमी तितका चांगला. २५च्या आसपासचा असेल तर आपल्या पावसाळी दमट हवेत फरक जाणवतो.

दुकानात यंत्र हातात घेतल्यावर काचेतून बाहेर बघू नका, दिसणार नाही. साधी काच थर्मलला भिंतीसारखी असते, म्हणून तर त्याचं भिंग जर्मेनियमचं करतात. पहिल्या रात्री मी गाडीच्या बंद काचेतून अर्धा तास शोधत होतो आणि समोर माझ्याच चेहऱ्याचं उबदार प्रतिबिंब होतं. काच खाली करा. मधूनमधून टक् असा आवाज येऊन चित्र क्षणभर गोठतं, तो बिघाड नाही. यंत्र स्वतःला जुळवून घेत असतं. शांत जागी तो आवाज नको असेल तर ही जुळणी हाताने करायची सोय आहे का ते पाहा. आणि सूर्याकडे कधीही रोखू नका.

ऑनलाइन दुकानांत दोन-तीन हजारांत "नाईट व्हिजन" दुर्बिणी दिसतात. एका ओळखीच्या मुलाने अशी एक मागवली होती. भिंगांवर लालसर मुलामा चढवलेली साधी दुर्बीण निघाली. रात्री तिच्यातून अंधारच मोठा दिसत होता. खोक्यावर सेन्सर, बॅटरी किंवा इन्फ्रारेड यांपैकी कशाचाच उल्लेख नसेल तर ती नाईट व्हिजन नव्हे.

कॅमेरा आणि इन्फ्रारेड दिवा

घरातल्या साध्या कॅमेऱ्यापुढे इन्फ्रारेड दिवा लावून उपयोग होत नाही. सेन्सरवर इन्फ्रारेड अडवणारी गाळणी बसवलेली असते. तुमचा कॅमेरा किती अडवतो हे टीव्हीच्या रिमोटने तपासा. खोलीत अंधार करून रिमोटचं टोक कॅमेऱ्याकडे धरा आणि बटण दाबा. पडद्यावर दिवा लखलखला तर गाळणी सौम्य आहे. काहीच दिसलं नाही तर ती कडक आहे. सोनीच्या काही हँडीकॅममध्ये नाइटशॉट नावाची सोय असे, त्यात ही गाळणी बाजूला सरकते. असा जुना हँडीकॅम चांगल्या अवस्थेत मिळाला तर जरूर घ्या, रात्रीच्या कामाला तो अजूनही पुरतो. दुसरा उपाय म्हणजे जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातली गाळणी जाणकाराकडून कायमची काढून घेणं. मात्र दिवसाचे रंग मग बिघडतात.

दिवा ८५० नॅनोमीटरचा की ९४०चा? ८५०चा दूर पोचतो, पण तोंडावर अंधुक लाल ठिपका दिसतो. काही जनावरं थबकून त्या ठिपक्याकडे बघतात. ९४०चा अजिबात दिसत नाही, पण त्या तरंगलांबीला सेन्सर कमी संवेदनशील असल्यामुळे पल्ला बराच घटतो. तीस-चाळीस मीटरच्या पुढे काम असेल तर ८५०, अगदी जवळच्या बिळाशी किंवा घरट्याच्या वाटेवर ९४०. झोत लहानमोठा करता येणारा दिवा घ्या आणि तो कुणाच्याही डोळ्यांवर धरू नका. प्रकाश दिसत नाही म्हणून बुबुळ आकसत नाही आणि डोळ्याला इजा होऊ शकते.

नवशिक्याचं सगळ्यात जास्त शूटिंग जिथे वाया जातं ती जागा आता सांगतो. दिवा कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवू नका. समोर दोन हातांवर दव पडलेलं गवत असतं, हवेत किडे आणि धूळ असते. सगळा प्रकाश त्यांच्यावर आपटून परत भिंगात शिरतो आणि मागचं जनावर पांढऱ्या धुक्यात बुडतं. शिवाय बिबट्या, रानमांजर, उदमांजर यांच्या डोळ्यांत मागे आरशासारखा पडदा असतो. तो प्रकाश आला त्याच दिशेने परतवतो, म्हणून चेहऱ्याच्या जागी दोन पेटलेले गोळे दिसतात. दिवा वेगळ्या ट्रायपॉडवर, कॅमेऱ्यापासून दीड-दोन मीटर बाजूला आणि गवताच्या वर ठेवा. डोळे शांत होतात, बाजूने प्रकाश आल्यामुळे अंगाचा उठाव दिसतो आणि किडेही कमी चमकतात.

फोकस हाताने करायचा. इन्फ्रारेड प्रकाशाचा फोकस दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा थोडा वेगळ्या ठिकाणी पडतो. दिवसा अचूक लावून ठेवलेला फोकस रात्री हलतो. शेतातलं बुजगावणं यासाठी उत्तम. ३० मीटरवर त्याला उभं करा, इन्फ्रारेड लावा, त्याच्या शर्टाची बटणं स्पष्ट दिसेपर्यंत रिंग फिरवा आणि त्या जागी रिंगवर पांढऱ्या पेन्सिलीने खूण करा. ५० आणि ८० मीटरचंही तसंच. ही एक संध्याकाळ मोडली तर पुढच्या दहा रात्री वाचतात.

चांदण्यात इन्फ्रारेडशिवाय रंगीत शूटिंग करायचं असेल तर भिंग मोठ्या तोंडाचं हवं. स्वच्छ पौर्णिमेला एफ १.४ (भिंगाचं तोंड किती उघडं ते), शटर सेकंदाचा १/२५ आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २५,६००च्या आसपास चित्र जमतं. दाणे दिसतात, दिसू देत. वस्तीचे दिवे चौकटीत असतील तर शटर १/२५, १/५० किंवा १/१०० यांपैकीच ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, दुसऱ्या वेगांवर दिवे लुकलुकतात.

प्रत्यक्ष रात्र

दिवसा जागा बघून या. पाऊलखुणा, विष्ठा, साळिंदराचे पडलेले काटे कुठे आहेत, वारा कुठून येतो, सुटायची वाट कोणती. वारा जनावराकडून आपल्याकडे यायला हवा. पोलीस पाटील आणि शेजारच्या वस्तीला सांगून ठेवा. रात्री बांधावर अनोळखी माणूस दिसला की गाव चोर समजून धावतं आणि त्यात त्यांची चूक नसते.

चालताना थर्मलवर विसंबू नका. साप थंड रक्ताचा. तो सहसा जमिनीच्याच तापमानाचा असतो, त्यामुळे थर्मलमध्ये पायाशी पडलेली घोणस दिसणार नाही. मण्यार तर रात्रीचीच फिरते. गमबूट घाला आणि प्रत्येक पाऊल बॅटरीच्या उजेडात टाका. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाने ती मेहनत क्षणात वाया जाते. म्हणून बॅटरीच्या तोंडावर लाल जिलेटिन कागदाचे दोन थर रबराने बांधा. यंत्राचा पडदा सर्वात मंद ठेवा आणि एकाच डोळ्याने बघा, म्हणजे दुसरा डोळा अंधारात राहतो.

जुन्नर, आंबेगावसारख्या बिबट्याच्या पट्ट्यात एकट्याने पायी हिंडू नका आणि उघड्यावर उकिडवे बसू नका. बसलेला माणूस बिबट्याला छोटं जनावर वाटू शकतो. गाडीत काच खाली करून बसा, नाहीतर मचाण. एक गोष्ट रात्रपाळीच्या विजेवर मोटर चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्यांसाठी खास सांगतो: थर्मल पानांच्या आरपार बघत नाही. उसाच्या फडात दोन सरी आत बसलेलं जनावर त्यात दिसत नाही. यंत्रात काही नाही म्हणजे फडात काही नाही, असं कधीही समजू नका. बरोबर माणूस, मोठ्याने बोलणं, काठीला बांधलेला घुंगरू, हे सगळं तसंच चालू ठेवा.

बसल्यावर क्रम असा. थर्मलने डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवत शोधा, दर दोन-तीन मिनिटांनी. पांढरा ठिपका सापडला की तो हलेपर्यंत थांबा. ऊन खाल्लेला दगडही चमकतो, पण दगड मान वळवत नाही. अंतराचा अंदाज घ्या, फोकसची रिंग त्या खुणेवर आणा, कॅमेरा सुरू करा आणि सगळ्यात शेवटी इन्फ्रारेड दिवा हळूहळू वाढवा. जनावराने कान टवकारून तुमच्याकडे पाहिलं तर दिवा बंद. पाच मिनिटं काहीही करू नका.

ऋतू फार फरक पाडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी थर्मलचे दिवस, जमीन गार आणि अंग ऊबदार. एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीचा काळा कातळ दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत धगधगतो. तेव्हा सगळाच डोंगर पांढरा दिसतो आणि जनावर कधी कधी उलट काळपट उमटतं. यंत्रातली रंगसंगती (गरम ते पांढरं की गरम ते काळं) बदलून बघा, नाहीतर पहाटे तीननंतर बसा. बुद्धपौर्णिमेला वनविभाग ताडोबा, मेळघाट अशा ठिकाणी पाणवठ्यावरच्या मचाणांवर रात्र काढायची संधी देतो. ती रात्र नेमकी याच उन्हाळ्यात येते. तिथे काय नेऊ देतात हे नोंदणी करतानाच विचारा, आणि परवानगी असली तरी चांदण्यात साधी मोठ्या तोंडाची दुर्बीण मला जास्त समाधान देते. धो-धो पावसात आणि दाट धुक्यात थर्मलही आंधळं होतं. आंबोलीच्या बेडकांना आणि भंडारदऱ्याच्या काजव्यांना यातलं काहीच लागत नाही. काजव्यांना हवा ट्रायपॉड, वीस-तीस सेकंदांचं एक्सपोजर आणि पूर्ण अंधार.

ट्रॅप कॅमेरा

रात्रभर बसणं शक्य नसेल तर स्वतःच्या शेतात ट्रॅप कॅमेरा लावा. समोरून उष्ण वस्तू सरकली की तो आपोआप सुरू होतो. जमिनीपासून ४०-५० सेंमी उंचीवर बांधा, तोंड शक्यतो उत्तरेकडे, म्हणजे ऊन थेट भिंगात जाणार नाही. पायवाटेला तिरका ठेवा. समोरचं गवत कापा, नाहीतर वाऱ्यावर डुलणाऱ्या पात्यांचे हजार फोटो मिळतील. मेच्या दुपारी हवाच अंगाइतकी तापते, तेव्हा तो जनावर चुकवतो. त्याच्यात माणसंही टिपली जातात. शेतातून जाणाऱ्या बायाबापड्यांचे फोटो त्याच दिवशी पुसा आणि तिथे कॅमेरा आहे हे वस्तीला आधीच सांगा.

वनजमिनीवर असं काही परस्पर लावू नका. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिरायलाच परवाना लागतो. कायद्याने तो ज्या कारणांसाठी देता येतो त्यांत छायाचित्रणही आहे, म्हणून रीतसर अर्ज करा.

घरी आल्यावर यंत्रं लगेच डब्यात कोंबू नका. दव सुकू द्या, सेल काढा, मग सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. जर्मेनियमच्या भिंगावरचा मुलामा नाजूक असतो, आधी धूळ फुंकणीने उडवा आणि मगच मऊ कापड लावा. आणि क्लिप कुणालाही पाठवण्याआधी मोबाईलमधलं लोकेशन काढून टाका. ऊसतोडीच्या दिवसांत फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. गावाचं नाव फुटलं की संध्याकाळपर्यंत तिथे दीडशे मोबाईल उभे राहतात आणि पिल्लांची आई लांबच थांबते. मी गावच काय, तालुकाही लिहीत नाही. जिल्हा आणि महिना, एवढंच.